लाल टोपीचं पान

२०२० च्या मार्चमध्ये माझे बाबा आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या डून लेरीत आमच्याकडे अडकले आणि त्यातून मी एक पुस्तक लिहिलं. पुस्तक म्हणजे चौसष्ट पानांची पीडीएफ. पण मी तिला पुस्तकच म्हणायचे आणि कुणी "ती तुझी फाइल" म्हटलं की माझं डोकं फिरायचं. ते लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या रागाचा वाटा मोठा आहे.

बाबा नागपूरहून सहा आठवड्यांसाठी आले होते. विमानं बंद झाली आणि सहा आठवड्यांचे सात महिने झाले. नवरा एका खोलीत लॅपटॉपवर, मी दुसऱ्या खोलीत, आणि बाबा मधल्या पॅसेजमध्ये उभे राहून प्रश्न विचारायचे. "पाऊस पडून राह्यला, वारा सुटून राह्यला, अन् हे लोक ग्रँड कायले म्हणतात वो?" इथं 'ठीक आहे' म्हणायला ग्रँड म्हणतात. एकदा मी मीटिंगमधून ओरडून सांगितलं, "साखर प्रेसमध्ये आहे!" इथं कपाटाला प्रेस म्हणतात आणि नऊ वर्षांत आमच्याही तोंडात तेच बसलंय. बाहेर येऊन बघते तर बाबा इस्त्रीच्या टेबलाभोवती साखर शोधत होते. "प्रेस म्हंजे इस्त्रीच ना? आता साखरेले बी इस्त्री करता का तुम्ही?"

त्यांच्यासाठी मी एक यादी केली. मग वाटलं, असे कितीतरी आईबाप अडकलेत इथं, त्यांनाही होईल. यादीची पानं झाली. डार्टचं, म्हणजे इथल्या लोकलचं, तिकीट कसं काढायचं, पिअरवर, म्हणजे बंदराच्या धक्क्यावर, चालायला गेलं तर कोणत्या बाकावर वारा लागत नाही, ज्वारीचं पीठ कुठं मिळतं, व्हिसा वाढवायला काय लागतं, 'युवर मॅन' म्हणजे तुझा नवरा नव्हे तर तो अमुकतमुक माणूस, हे सगळं. नकाशे मी हातानं काढले. प्रत्येक गोष्ट स्वतः पाहून, चालून, फोन करून लिहिली.

एक पान सोडून.

ते पान इन्सुलिनचं. बाबांनी येताना औषधाची कुपी आणली होती आणि लाल टोपीच्या बारीक सुयांची, म्हणजे रेघा आखलेल्या सिरिंजांची, थप्पी. कुपी संपली तेव्हा इथल्या डॉक्टरांनी त्यांना पेनासारखं इंजेक्शन दिलं आणि उरलेल्या सुया प्रेसमध्ये पडून राहिल्या. म्हणजे इथली कुपी आणि तिकडची सुई ही जोडी मी कधी पाहिलीच नव्हती. तरी लिहिताना हात थांबला नाही. मी लिहिलं: "इन्सुलिनची काळजी नको. इथेही कुपी मिळते. तिकडून आणलेल्या सुया टाकू नका, इथल्या कुपीला त्याच चालतात. आणि हाताला सवयीची सुई असली की परक्या देशातही टोचताना घर आठवतं." शेवटच्या तुकड्यावर तर मी बेहद्द खूश होते. नवऱ्याला दोनदा वाचून दाखवला.

पहिल्या पानावर माझं नाव, फोन नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत "सर्व हक्क राखीव." मराठी लोकांच्या ग्रुपवर पुस्तक टाकलं. कौतुक झालं, आणि मी ते अगदी मनापासून खाल्लं.

ऑगस्टमध्ये ब्युमॉन्टच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स असलेली माझी मैत्रीण घरी आली होती. कपासाठी तिनं प्रेस उघडला आणि लाल टोप्या बघून तिचा हात तिथंच थांबला. "ह्या कोण वापरतंय?" मी म्हटलं, कुणी नाही. ती खुर्चीत बसली आणि मग तिनं मला समजावलं. आपल्याकडची कुपी चाळीसच्या ताकदीची असते आणि लाल टोपीची सुई त्याच हिशोबानं आखलेली असते. इथलं औषध शंभरच्या ताकदीचं. त्याची सुई वेगळी, नारिंगी टोपीची. लाल टोपीच्या सुईत इथलं औषध नेहमीच्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात अडीचपट जातं. "साखर खाली जाऊन माणूस झोपेतच जाईल गं," ती म्हणाली.

मी त्याच दिवशी ती वाक्यं, घर आठवणारंसुद्धा, काढली, बरोबर ते लिहिलं आणि नवी फाइल चढवली. पण ग्रुपवर काय लिहिलं? "काही किरकोळ सुधारणांसह नवी आवृत्ती." किरकोळ. कुठली सुधारणा ते सांगितलं नाही. एवढं कौतुक झाल्यावर "मी चुकले, जीव जाऊ शकतो" असं लिहायची मला लाज वाटली. ही लाज मी अजून पचवू शकलेले नाही. ऑक्टोबरमध्ये बाबा खास विमानानं परत गेले आणि मीही तो विषय विसरले.

२०२१ च्या जानेवारीअखेर ग्रुपवर एक दुसरंच पुस्तक आलं. देखणी मांडणी, रंगीत चित्रं, वर कुणाचंही नाव नाही. प्रस्तावनेत एवढंच, की माझी आई वर्षभर माझ्याकडे अडकली आहे, नाताळाच्या सुट्टीत तिच्यासाठी हे जमवलं. पाठवणाऱ्यानं लिहिलं होतं, ट्रली गावच्या आपल्या एका भावानं बनवलंय, मस्त आहे. मी उघडलं आणि पाचव्या मिनिटाला माझे कान तापले. वारा न लागणारा बाक माझा. पीठ माझं. व्हिसाच्या कागदांचा क्रम माझा. प्रेस आणि इस्त्रीसुद्धा, फक्त बाबांच्या जागी 'एक काका'!

मी ग्रुपवर जे लिहिलं ते आज वाचवत नाही. चोरी हा शब्द चार वेळा होता. वकिलाची धमकी होती. त्या माणसाचा नंबर मिळवून त्याला वेगळं खरमरीत पत्र पाठवलं. त्यानं उत्तर दिलं, "ताई, माहिती तर सगळ्यांचीच असते ना." मी आणखी तीन मेसेज पाठवले आणि त्यानं मला ब्लॉक केलं. ग्रुपच्या अ‍ॅडमिननं विषय बंद केला आणि माझं ग्रुपवर लिहिणं बंद केलं.

आमच्या मजल्यावर एक वकीलबाई राहतात, साठीच्या, आयरिश. त्या दिवसांत घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरता यायचं, म्हणून आम्ही दोघी पिअरवर दोन मीटरचं अंतर ठेवून चालायचो. मी सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, बस कुठून सुटते हे तू शोधून काढलंस म्हणून ते तुझं होत नाही. पीठ कुठं मिळतं हे कुणाच्याच मालकीचं नसतं. मी म्हटलं, "अहो, पण माझे चार महिने गेले ते शोधण्यात!" त्या म्हणाल्या, कष्टांवर कॉपीराइट नसतो. कल्पनेवरही नसतो, अडकलेल्या आईबापांसाठी पुस्तक काढणं ही कल्पना कुणीही उचलावी. तुझी वाक्यं तुझी. तुझे नकाशे आणि फोटो तुझे. काय घ्यायचं, काय गाळायचं, कुठल्या क्रमानं लावायचं यात तुझं स्वतःचं डोकं दिसत असेल तर तेही कदाचित तुझं.

"आणि सर्व हक्क राखीव लिहिलं होतं त्याचं काय?"

"ते लिहिलं नसतंस तरी वाक्यं तुझीच होती. लिहिल्या क्षणी होतात." मग त्यांनी विचारलं, युवर मॅननं वाक्यं जशीच्या तशी घेतलीत का? नव्हती घेतली. पठ्ठ्यानं एकूण एक वाक्य आपल्या शब्दांत लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणी माझ्यापेक्षा बरं. नकाशेही नवे काढले होते.

"मग चुका शोध," त्या म्हणाल्या. "खरी गोष्ट दोघांना वेगवेगळी सापडू शकते. एकच चूक दोघांना सापडत नाही. चूक उतरली असेल तर त्यानं तुझ्याकडूनच घेतलं एवढं तरी सिद्ध होईल."

आपल्याच चुका शोधण्यात कुणाला इतका आनंद झाला नसेल. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी दोन रकाने आखले, डावीकडे माझं, उजवीकडे त्याचं. माझ्या नकाशात एक गल्ली उलटी होती, त्यानं ती सुलटी केली होती. ग्रंथालयाची वेळ मी चुकवली होती, त्याची बरोबर होती. एक एक चूक हातातून निसटत होती आणि मी हात चोळत होते. शेवटच्या पानांपाशी आले आणि तिथं ते होतं. "हाताला सवयीची सुई असली की परक्या देशातही टोचताना घर आठवतं." पूर्णविरामासकट!

"सापडला!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की नवरा धावत आला. आख्ख्या पुस्तकात हेच एक वाक्य त्यानं जसंच्या तसं उचललं होतं. हे माझं, कायद्यानं माझं. मी उजव्या रकान्यात ते चिकटवलं आणि डावीकडे माझं चिकटवायला माझ्या पुस्तकाचं ते पान उघडलं. माझ्या पुस्तकात ते वाक्य नव्हतं.

दोनदा शोधलं. मग आठवलं की ते का नाही.

प्रस्तावनेतली त्याची आई आठवली. आणि जानेवारीच्या सुरुवातीला ग्रुपवर आलेला त्याचा मेसेज आठवला, जेव्हा तो मला कुणीच नव्हता: आईला घाम येऊन चक्कर आली, ट्रलीच्या हॉस्पिटलात दोन दिवस ठेवलं होतं, आता ग्रँड आहे. त्याखाली इतरांसारखे मीही हात जोडले होते. ती लाल टोपीचीच सुई टोचत असेल तर?

त्याला फोन लावला, मी ब्लॉक. नवऱ्याच्या फोनवरून लावला. त्यानं उचलला. एवढ्या घाईत आणि भीतीत माझ्या तोंडून काय निघावं? "तुम्ही माझं ते पान उचललंय ना—" फोन बंद. पुन्हा लावला तर नवऱ्याचाही नंबर ब्लॉक. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. त्या दिवशी ते पटलं.

ट्रली आमच्यापासून चार तासांवर. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं तर कारण लागतं. कारण होतं, पण त्याच्या घराचा पत्ता नव्हता. ज्या कारखान्यात तो काम करतो असं ग्रुपवर वाचलं होतं, तिथला फोन रविवारी नुसता वाजत राहिला. नर्स मैत्रीण ड्यूटीवर होती. मी अ‍ॅडमिनला फोन केला.

"ताई, तो विषय क्लोज झालाय ना आता?"

"हा तो विषय नाही. सुयांचं पान चुकीचं आहे. त्यांच्या आईच्या जिवाला धोका आहे."

"बघा, आधी कॉपीराइट, आता औषध. प्लीज पर्सनल नका ना घेऊ. त्यानं किती मेहनत केलीये. आणि खरं सांगू का, तुमच्याच पुस्तकावर सर्व हक्क राखीव होतं, म्हणून बिचाऱ्यानं घाबरून सगळं परत लिहिलं. नाहीतर तुमचंच पुढं पाठवलं असतं."

 माझंच पुढं गेलं असतं तर त्याच्यावर माझा नंबर असता. नवी आवृत्ती त्याच वाटेनं मागोमाग गेली असती. माझ्या त्या तीन ठळक शब्दांनी पुस्तक थांबलं नव्हतं, फक्त माझ्यापासून तुटलं होतं. आणि तुटलेल्या पुस्तकात माझी चूक एकटी फिरत होती, कुणाच्या किती फोनांत, देव जाणे.

"मी काय करू म्हणजे तुम्ही त्यांना फोन कराल?" मी विचारलं. माझा आवाज रडका झाला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती.

"लिहून द्या, की तुमची काही तक्रार नाही. मग मी त्याच्याशी बोलतो."

मी लिहून दिलं. "हे पुस्तक त्यांचं आहे. माझा त्यावर कोणताही हक्क नाही, मागणी नाही. फक्त आईंना सुई टोचण्याआधी मला एक फोन करायला सांगा." पाठवताना मला काहीही वाटलं नाही. महिनाभर ज्यासाठी आकाशपाताळ एक केलं होतं ते एका मिनिटात सोडून दिलं, आणि मग फोन समोर ठेवून बसले. नवऱ्यानं चहा केला, तो तसाच गार झाला. बाहेर उजेड होता. संध्याकाळच्या जेवणाआधीचं इन्सुलिन इथं किती वाजता घेत असतील, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. बाबा साडेसहाला घ्यायचे.

सहा वाजून गेल्यावर त्याचा फोन आला. आवाज अवघडलेला, तरुण. "हां ताई, बोला."

ह्या वेळी मी पान, पुस्तक, काही म्हटलं नाही. विचारलं, "आईंना हॉस्पिटलात नेलं होतं, तेव्हा काय झालं होतं?"

 "साखर एकदम डाउन झाली होती. हॉस्पिटलात एकदम नॉर्मल असायची. घरी आणली की परत घाम. डॉक्टरनं डोस कमी केलाय, तरी होतंच मधे मधे. का?"

"ते सुयांचं पान तुम्ही माझ्या शब्दांत का ठेवलंत? बाकी सगळं तर बदललंत."

"ताई, मी पॅकिंग लाइनवरचा इंजिनिअर. बस, बाक, पीठ ते आपल्याला कळतं. औषधातलं मला काय कळतंय? म्हटलं, इथं एक शब्द जरी इकडचा तिकडं झाला तर घोळ होईल. म्हणून हात नाही लावला."

ज्या एका पानावर त्यानं माझ्यावर पूर्ण विश्वास टाकला होता, ते हे पान. मी म्हटलं, "आईंना फोन द्या. आत्ता. पटकन."

"आई, अगं त्या ताई, पुस्तकवाल्या." मग खडखडीत, साताऱ्याकडचा आवाज आला. "व्हय का? तूच का गं ती? लई झ्याक लिवलंयस बाई. म्या रोज वाचती. ह्ये पोरगं कामात, सून कामात, नातवंडं इंग्रजीत बोलत्यात. तुझं पुस्तक तेवढं माझ्याशी मराठी बोलतंय."

"काकू, सुई—"

"सुईचं पान तर पाठच झालंय मला. हाताला सवयीची सुई असली की परक्या देशातबी टोचताना घर आठवतं. रोज टोचताना म्हणती मी. खरंच आठवतंय गं."

मी रडायलाच लागले. रडत रडत विचारलं, "काकू, सुईची टोपी कुठल्या रंगाची आहे?"

"लाल. गावाकडनं आणलेल्या. हितल्या नर्सबाईनं नारिंगी दिल्यात ढीगभर, त्या तशाच ठिवल्यात. आणलेल्या वाया कशाला घालवायच्या? आत्ताच भरलीय बघ जेवणाआधीची. हातातच हाय."

"ठेवा ती खाली. काकू, ठेवा. मी चुकीचं लिहिलंय."

 "छापलेलं चुकीचं कसं असंल?" त्यांनी विचारलं. खोटं वाटलं म्हणून नव्हे; खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

मी सांगितलं. चाळीस, शंभर, अडीचपट, लाल, नारिंगी. मुलानं मधूनच फोन घेतला, मी पुन्हा सांगितलं. तो नुसता "ओ गॉड, ओ गॉड" म्हणत होता. मग त्यानं मला होल्डवर ठेवून डॉक्टरांच्या सुट्टीच्या दिवसाच्या नंबरला फोन लावला. तोही नंबर माझ्याच पुस्तकातून गेलेला, आणि तो बरोबर होता.

थोड्या वेळानं काकू परत फोनवर आल्या. "सुई प्रेसवर ठिवलीय. आता डाक्टर सांगतोय तशी घ्यीन." मला वाटलं आता त्या बोलतील, शिव्या घालतील, आणि मी ऐकून घेणार होते. त्या म्हणाल्या, "बाई, मला त्या रोजाला घाम सुटला ना, तवा मी पोराला म्हटलं, ह्या पुस्तकवालीला इच्यार, तिला ठावं असंल. तर पुस्तकावर नावच न्हाई कुणाचं. इच्यारायचं कुणाला? आता नाव घाल बाई तुझं. फोन बी घाल."

त्याच संध्याकाळी ते पान मी नव्यानं लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत माझी चूक, खाली माझं नाव आणि नंबर. त्याखाली लिहिलं, हे पान कुणीही घ्यावं, उतरवावं, छापावं, पुढे पाठवावं. अ‍ॅडमिननं ते ग्रुपवर टाकलं. कुणी कुणी हात जोडले. मग पहिल्या वर्षी ज्यांनी ज्यांनी पुस्तकाचं कौतुक केलं होतं त्यांची यादी काढली आणि पहिल्या नावाला फोन लावला. "तुमच्याकडे कुणाचे आईवडील आहेत का? सुईची टोपी कुठल्या रंगाची आहे?"